दोन भावंडे, दोन वेग : मुक्त विद्यालयाचा आमचा अनुभव

आमची दोन्ही मुले घरीच शिकतात. थोरलीला बीजगणित चटकन उमगते, तर धाकट्याला डिस्लेक्सियामुळे, म्हणजे अक्षरे ओळखून वाचण्यातील अडचणीमुळे, वाचताना ओळीखाली पट्टी धरावी लागते. दहावीसाठी आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस, रोज शाळेत न जाता परीक्षा देता येणारे शिक्षण मंडळ) निवडली, कारण तेथील नोंदणी ५ वर्षे वैध राहते, त्या काळात परीक्षेच्या ९ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. थोरलीने पाचही विषयांची परीक्षा एकदमच दिली. धाकट्याने गणित न घेता चित्रकला आणि गृहविज्ञान घेतले असून तो एकेक विषय सोडवतो आहे. पहिली गुणपत्रिका त्याने अक्षरांवरून बोट फिरवत, मोठ्याने, स्वतः वाचली. शिकवण्याचा मुख्य भार मात्र पालकांवरच राहतो, हे ध्यानात घेऊनच नोंदणी करावी. नातेवाईक दोघांच्या टक्केवारीची तुलना करतात, तेव्हा मला फार वाईट वाटते.