एमसीआयएम आणि ईसीआयएम: नऊ महिने रोज हाताळल्यावर

नऊ महिन्यांपूर्वी आमच्या लॅबच्या बेंचवर एमसीआयएम (मॉडिफाइड कार्बापेनेम इनॅक्टिव्हेशन मेथड, जंतू कार्बापेनेम औषध तोडतो का ते पाहायची पद्धत) आली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. ट्यूबमध्ये ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव) घ्या, त्यात जंतू घाला, त्यात मेरोपेनेम या अँटिबायोटिकची कागदी डिस्क टाका, चार तास थांबा, मग ती ओली डिस्क काढून दुसऱ्याच जंतूच्या प्लेटवर ठेवा आणि उद्या सकाळी या. शेजारच्या टेबलावर पंधरा मिनिटांत रेघ दाखवणाऱ्या लॅटरल फ्लो पट्ट्या असताना हा उद्योग कोण करणार? आज पट्ट्या संपल्या तर मी दोन दिवस कसेबसे काढते, पण मेरोपेनेमच्या डिस्क संपल्या की अडून बसते. मधल्या काळात काय घडलं ते लिहिते.

आधी मुद्दा थोडक्यात. मेरोपेनेम, इमिपेनेम ही कार्बापेनेम गटातली औषधं गंभीर रुग्णांसाठी हाताशी राखून ठेवलेली. क्लेबसिएला, ई. कोलाय यांसारखे जंतू त्यांना दाद देईनासे होतात ते मुख्यतः दोन वाटांनी. एक तर जंतू कार्बापेनेमेज नावाचं एन्झाइम बनवतो आणि औषधाचाच तुकडा पाडतो. नाहीतर औषध आत शिरायची छिद्रं, म्हणजे पोरिन, बंद करतो आणि जोडीला ईएसबीएल किंवा अँपसी ही पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिन तोडणारी एन्झाइमं बाळगतो. नेहमीच्या सेन्सिटिव्हिटी प्लेटवर दोघं सारखेच दिसतात, मेरोपेनेमभोवती झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ) आखडलेला. पण पहिल्याचं जनुक बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर (डीएनएच्या सुट्या कड्यावर) असतं, ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं आणि बघता बघता एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर. म्हणून हा फरक कळायलाच हवा.

एमसीआयएममागचा विचार अगदी साधा आहे. एन्झाइम असेल तर चार तासांत डिस्कमधलं मेरोपेनेम संपेल. मग ती डिस्क साध्यासरळ, औषधाला दाद देणाऱ्या ई. कोलायच्या (प्रमाण स्ट्रेन एटीसीसी २५९२२) लॉनवर, म्हणजे प्लेटभर पसरलेल्या थरावर, ठेवली की तो बेधडक डिस्कला चिकटून वाढेल. एन्झाइम नसेल तर औषध शाबूत, झोन मोठा. मूळ सीआयएम २०१५ मध्ये नेदरलँड्समधून आली, त्यात पाणी आणि दोन तास होते. पाण्याच्या जागी ट्रिप्टिक सोय ब्रॉथ आणि दोनाचे चार तास करून सुधारलेली आवृत्ती २०१७ मध्ये सीएलएसआय या अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या एम१०० या नियमावलीत दाखल झाली. त्याआधी आम्ही मॉडिफाइड हॉज टेस्ट करायचो. झोनच्या कडेला पडलेली खाच खरी की भास, यावर दोन माणसांचं एकमत होत नसे, आणि एनडीएमसारखं एन्झाइम तिच्या हातून निसटायचं. ती गेली याचं मला तरी दुःख नाही.

आता प्रत्यक्ष वापर. दोन मिलिलिटर ब्रॉथमध्ये ब्लड अगारवरची ताजी वाढ घालायची, एंटेरोबॅक्टेरेल्स (क्लेबसिएला, ई. कोलाय यांचा गट) असतील तर १ मायक्रोलिटरचा लूप (टोकाला कडी असलेली काडी), स्यूडोमोनास एरुजिनोसा असेल तर १० चा. वाचायला सोपं आहे, पण पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झाला. दोन्ही लूपची पाकिटं एकाच ड्रॉवरमध्ये होती. घाईत भलताच लूप उचलला गेला की जंतू दसपट जातात किंवा दहावा हिस्साच जातो. आता पाकिटं वेगळ्या खोक्यांत आहेत आणि मोठ्या लूपच्या खोक्यावर लाल पट्टी आहे. शेंबडासारखी तार सुटणारी क्लेबसिएलाची कॉलनी असेल तर लूप नेमका भरणं हे वेगळंच कसब. तार तुटेपर्यंत लूप वर ओढायचा, लोंबता भाग प्लेटच्या मोकळ्या जागी टेकवून सोडायचा, मगच ट्यूबमध्ये. त्यानंतर १० ते १५ सेकंद वॉर्टेक्स यंत्रावर घुसळणं.

दुसरी खुबी डिस्क बाहेर काढताना. १० मायक्रोलिटरच्या लूपने ती ट्यूबच्या काचेवरून सरकवत वर आणायची आणि कडेशी दाबून जास्तीचं ब्रॉथ निथळून टाकायचं. मी सुरुवातीला निथळायचं नीट मनावर घेत नव्हते. दुसऱ्या दिवशी प्लेटवर डिस्कपासून एका बाजूला ओघळ, आणि त्या ओघळात आपल्याच आयसोलेटची (रुग्णाच्या नमुन्यातून काढलेल्या जंतूची) जाड वाढ. झोन गोल नाही, अंड्यासारखा. तो मोजायचा कुठून? फूटपट्टी ठेवून बसले, मग सगळं पुन्हा लावलं. ई. कोलायचं लॉन पसरल्यावर ते तीन ते दहा मिनिटं सुकवून डिस्क ठेवायची असते, म्हणजे लॉन आधी करून ठेवून डिस्क काढत बसण्याची चैन नाही. शंभर मिमीच्या प्लेटवर चारच डिस्क मावतात, पाचवी घुसवायचा मोह आवरा.

वाचन मात्र मला आवडतं. ६ ते १५ मिमी म्हणजे पॉझिटिव्ह, आणि ६ म्हणजे डिस्कचाच व्यास, झोन अजिबात नाही. १९ किंवा जास्त आणि स्वच्छ असेल तर निगेटिव्ह. १६ ते १८ च्या झोनमध्ये टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी दिसल्या तर पॉझिटिव्ह, नसतील तर अनिर्णित. त्या कॉलनी शोधताना प्लेट उजेडाकडे तिरकी धरते. सरळ वरून बघितलं तर सुटतात, हे दोनदा अनुभवलंय.

ईसीआयएम म्हणजे शेजारी आणखी एक तशीच ट्यूब, फक्त तिच्यात ०.५ मोलर ईडीटीएचे २० मायक्रोलिटर. मेटॅलो गटातल्या एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी या एन्झाइमांना काम करायला जस्त लागतं. ईडीटीए ते जस्त पकडून ठेवतं, एन्झाइम लुळं पडतं आणि मेरोपेनेम वाचतं. झोन साध्या एमसीआयएमपेक्षा ५ मिमी किंवा जास्त वाढला तर मेटॅलो, ४ पर्यंतच फरक असेल तर सेरीन गट, म्हणजे केपीसी किंवा ऑक्सा-४८ वगैरे. इथे झोनमधल्या बारीक कॉलनी मोजणीत धरायच्या नाहीत. आधीच्या नियमाच्या हे अगदी उलट, आणि नवीन आलेला प्रत्येक जण इथे एकदा तरी अडखळतो. मीही.

हे एवढं खोलात जायचं कारण औषध. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम केपीसीवर आणि ऑक्सा-४८ वर चालतं, मेटॅलोपुढे निरुपयोगी. मेटॅलो एन्झाइम अ‍ॅझ्ट्रिओनामला तोडत नाही, पण त्याच जंतूत बसलेलं ईएसबीएल तोडतं, म्हणून अ‍ॅझ्ट्रिओनामसोबत ईएसबीएलला रोखणारं अविबॅक्टम द्यायची कल्पना आली. तेव्हा 'कार्बापेनेमेज पॉझिटिव्ह' एवढंच लिहिलेला रिपोर्ट डॉक्टरच्या फारसा कामाचा नसतो. पुढचा प्रश्न लगेच येतो, कुठलं?

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या महिन्यात रक्तातून आलेला एक क्लेबसिएला, एमसीआयएम ६ मिमी, ईसीआयएम ८. फरक दोनाचा. मी वहीत 'सेरीन, मेटॅलो नाही' लिहून टाकलं आणि रिपोर्टचा मसुदाही केला. सुदैवाने त्या दिवशी पट्टी हाताशी होती. पट्टीवर दोन रेघा उमटल्या, एनडीएम आणि ऑक्सा-४८. दोन्ही एन्झाइमं एकाच जंतूत! ईडीटीएने एनडीएमला झोपवलं, पण ऑक्सा-४८ जागंच होतं, त्याने मेरोपेनेम संपवलं आणि झोन काही वाढला नाही. हा सापळा एम१०० मध्ये लिहिलेला आहे, मी वाचलेलाही होता. तरी हात घसरलाच. मसुदा तसाच गेला असता तर त्या रुग्णाला नुसतं सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम सुरू झालं असतं. तेव्हापासून ईसीआयएममध्ये फरक दिसला नाही तर मी 'मेटॅलो नाही' असं कधीच लिहीत नाही, 'सेरीन आढळलं, सोबत मेटॅलो असण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहिते आणि पट्टी किंवा पीसीआर लावते.

मग सरळ पट्टीच का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पट्टी केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी, ऑक्सा-४८ ही पाच घराणी ओळखते आणि फार छान ओळखते. तिच्या यादीबाहेरचं एन्झाइम समोर आलं तर ती निमूट कोरी राहते. जनुक शोधणारी कार्ट्रिज यंत्रं तासाभरात उत्तर देतात, पण तीही याच पाच नावांभोवती फिरतात. एमसीआयएमला नावाशी घेणंदेणं नाही, मेरोपेनेम तुटलं का एवढंच ती पाहते. म्हणून पट्टी कोरी आणि एमसीआयएम पॉझिटिव्ह अशी जोडी दिसली की मी कान टवकारते.

तक्रारी आहेतच. पहिली वेळेची. चार तास म्हणजे चार तासच, पंधरा मिनिटं इकडेतिकडे. सकाळी दहाला लावलं तर दोनला डिस्क निघते, उत्तर दुसऱ्या दिवशी १८ ते २४ तासांनी. दुपारी दोननंतर लावलं तर संध्याकाळच्या शिफ्टच्या गळ्यात पडतं, आणि त्या शिफ्टला इतर कामं असतात. दोनदा माझी डिस्क पाच तास ट्यूबमध्ये राहिली. दोन्ही वेळा फेकून पुन्हा लावलं, रुग्णाचा एक दिवस गेला. कल्चर, सेन्सिटिव्हिटी आणि वर हा एक दिवस, आयसीयूतून फोन येतो तेव्हा मला खरंच ओशाळल्यासारखं होतं.

दुसरी, ही सगळ्या जंतूंसाठी नाही. असिनेटोबॅक्टरवर भरवसा ठेवू नका, त्याच्यासाठी ती शिफारस केलेलीच नाही. ईसीआयएम तर फक्त एंटेरोबॅक्टेरेल्ससाठी, स्यूडोमोनाससाठीही नाही.

तिसरी तक्रार पद्धतीबद्दल नाही, रिपोर्ट वाचणाऱ्यांबद्दल आहे. एका निवासी डॉक्टरांचा फोन आला, "मॅडम, एमसीआयएम निगेटिव्ह आहे, म्हणजे मेरोपेनेम चालेल ना?" मी म्हटलं, "अहो, सेन्सिटिव्हिटीत मेरोपेनेमपुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, लिहिलंय ते बघा आधी." पोरिन बंद करून बसलेला जंतू एमसीआयएममध्ये निगेटिव्हच येणार, औषधाला मात्र तो तितकाच निबर. असे फोन तीनचार झाल्यावर आम्ही रिपोर्टखाली हे सांगणारी एक ओळच छापून टाकली.

कंट्रोलबद्दल एक प्रसंग. पाचव्या महिन्यात निगेटिव्ह कंट्रोल (कार्बापेनेमेज नसलेला, तपासणीसाठीचा प्रमाण जंतू), एटीसीसी बीएए-१७०६, अचानक १७ मिमी द्यायला लागला. ब्रॉथ बदललं, लूप बदलला, माणूसही बदलला, तरी १७. शेवटी कोरी मेरोपेनेम डिस्क सरळ २५९२२ च्या लॉनवर ठेवून पाहिली. तिथे झोन किमान २८ मिमी हवा, आला २३. डिस्कच मेलेली होती. कोणीतरी फ्रीझरमधून काढलेली डिस्कची कार्ट्रिज गार असतानाच उघडत होतं, आत दव धरत होतं आणि मेरोपेनेम ओलाव्यात टिकत नाही. आता कार्ट्रिज बंद डब्यात, सिलिका जेलसकट, खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, आणि नवीन कार्ट्रिज उघडली की आधी २५९२२ वर तिची परीक्षा. त्या आठवड्यातले सगळे पॉझिटिव्ह मी परत लावले. दोन जण निगेटिव्ह निघाले, सुधारित रिपोर्ट पाठवावे लागले. ते फोन करणं नकोसं होतं, पण केले.

कोणी घ्यावी ही पद्धत? ज्या लॅबमध्ये डिस्क डिफ्यूजन रोज नीट होतं, तिथे नवं यंत्र लागत नाही, शिकायला दोन आठवडे पुरतात. जिथे कंट्रोल स्ट्रेन आठवड्याला लावायचाही कंटाळा आहे, तिथे नको. माझ्याकडे सध्याचा क्रम असा: रक्तातला आयसोलेट असेल तर आधी पट्टी, आणि त्याच दिवशी एमसीआयएम-ईसीआयएमही. लघवी, जखम वगैरे असेल तर आधी एमसीआयएम, पॉझिटिव्ह आली तरच पट्टी.

एक आयसोलेट अजून सुटलेला नाही. ई. कोलाय, तीन वेळा लावला, तिन्ही वेळा १७ मिमी, झोन स्वच्छ. पट्टी कोरी, पीसीआरमध्ये पाचही जनुकं नाहीत. डिस्क तपासल्या, कंट्रोल चोख. सध्या तो ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवलाय, सीक्वेन्सिंगच्या पुढच्या खेपेत जाईल.