४००/१००० चा धारेचा दगड : दिवाळी ते आषाढ

दिवाळीनंतर केळीच्या कांदेबागेची लावण उरकली, हात जरा मोकळे झाले, तेव्हा हा दोन बाजूंचा पाण्याचा दगड मागवला. एक बाजू ४०० ची, भरड. दुसरी १००० ची, बारीक. साडेपाचशे रुपये पडले. सोबत बांबूचा एक पाट आणि पात्याला अडकवायची प्लास्टिकची चिमटी. या आठ महिन्यांत घरातल्या सुऱ्या, दोन विळे आणि माझा खिशातला घडीचा चाकू त्यावर इतके घासलेत, की आता लिहायला हरकत नाही.

आमचं गाव यावल तालुक्यात. केळीत काम करताना चाकू खिशात नसेल तर माणूस दिवसभर दुसऱ्याकडे मागत फिरतो. खताच्या गोणीचा दोरा, सुतळी, ठिबकची नळी, मधल्या सुटीतला पेरू, सगळं त्याच पात्याने. त्यात केळीचा चीक. कपड्यावरचा डाग जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण पात्यावर वाळला की त्याचा काळा थर बसतो आणि धार असून नसल्यासारखी होते. म्हणून दगडावर घेण्याआधी पातं गोडेतेलाच्या फडक्याने पुसून साबणाने धुऊन घ्यायचं. हे न करता घासलं तर चीक दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतो आणि दगड नुसता गुळगुळीत लागतो. पहिल्या महिन्यात मी तेच केलं.

याआधी बाजाराच्या दिवशी सायकलवर चाक लावून येणाऱ्या धारवाल्याकडे द्यायचो. ठिणग्या बघायला मजा येते. पण एकदा चाकूचं टोक निळं होऊन परत आलं. पोलाद निळं पडलं म्हणजे तिथे साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं, आणि त्या जागेचं पाणी, म्हणजे कठीणपणा, गेला. पुढे कितीही घासा, ते टोक दोन दिवसांत बसतं. ओल्या दगडावर हा धोका नाही, हे एकच कारण मला पुरलं.

आता चिमटीबद्दल, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. डब्यावर लिहिलंय, चिमटी पाठीला लावा, पातं आणि दगड यांच्यात आपोआप १५ अंशांचा कोन मिळेल. कसा मिळेल? चिमटी पात्याची पाठ दगडापासून ठरावीक उंच धरते, एवढंच तिचं काम. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल, म्हणजे स्वयंपाकघरातली मोठी सुरी, तर साडेअकरा मिलिमीटर उंचीला १५ अंश बरोबर येतात. माझं पातं २० मिलिमीटर. तीच उंची तिथे लावली की कोन जातो ३५ च्या आसपास. म्हणजे चाकूची छिन्नी. दोन संध्याकाळी मी अशा वाया घालवल्या आणि पात्याच्या अंगावर चिमटीचे ओरखडे पाडून घेतले ते वेगळेच. डब्यावर एक ओळ छापली असती तर काय बिघडलं असतं? हल्ली ती चिमटी माय शेवेच्या पुड्याला लावते.

मग नाणी घेतली. हिशोब सोपा आहे: पात्याची रुंदी गुणिले कोनाची साइन. २० अंशांची साइन ०.३४, म्हणजे २० मिलिमीटर पात्याला पाठ सुमारे ७ मिलिमीटर वर हवी. पट्टी लावून तेवढी नाण्यांची चळत रचली, पाठ तिच्यावर टेकवली, कोन हाताच्या लक्षात ठेवला आणि नाणी बाजूला केली. तरी धार मनासारखी येईना. धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवून पाहिला, तर शाई फक्त अगदी कडेची पुसली जायची, मागची तशीच. म्हणजे मी जास्त उभं धरत होतो. चूक नंतर सापडली. पाठीला स्वतःची २ मिलिमीटर जाडी आहे आणि नाणी तिच्या खालच्या कडेला टेकतात. त्यामुळे ७ मिलिमीटरला खरा कोन २३ च्या वर जातो. २० हवे असतील तर चळत ६ ची हवी. बी.एस्सी. झालेल्या माणसाला हे कळायला डिसेंबर उजाडला.

नाणी नकोत तर कागद घ्या. कोपरा ९० चा, एकदा दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. घडीच्या चाकूला तेवढा कोन कधीही चालतो. आणि हे सगळे आकडे एका बाजूचे. २० म्हणजे दोन्ही बाजू मिळून ४०. विकणारे कधी हा आकडा सांगतात, कधी तो, आणि आपण गोंधळतो.

कोन कमी तितकी धार तिखट, हे खरं. संक्रांतीच्या सुमारास मी हौसेने चाकू १५ वर आणला. वर्तमानपत्राची पट्टी नुसत्या वजनाने कापली जायची. तिसऱ्या दिवशी ठिबकची नळी कापताना तिला बांधलेली तार आड आली. संध्याकाळी दिव्याखाली पातं धार वर करून धरलं, तर मधोमध मुगाच्या दाण्याएवढी चकाकी. चांगली धार प्रकाशात दिसतच नाही. जिथे चमकते तिथे ती दुमडलेली किंवा तुटलेली असते. घडीच्या चाकूंचं पोलाद साधारण मऊच असतं. लाल स्विस चाकूंचंही कठीणपणाच्या मापात ५६ रॉकवेलच्या आसपास आहे. शेतात १५ अंशांना ते टिकत नाही.

तेव्हापासून मुख्य उतार २० चा आणि अगदी कडेला २५ वर हलक्या हाताने चार-पाच फेऱ्या. ही बारीकशी दुसरी कड दिसतही नाही, पण धार माझ्या हातात तीन दिवसांऐवजी दोन आठवडे राहते. बोथटली तर तेवढीच कड परत काढायची, दोन मिनिटांचं काम. ४०० ची बाजू मला महिन्यातून एकदाही लागत नाही.

पद्धतीत एकच गोष्ट हाताने शिकावी लागते, ती म्हणजे बर. एका बाजूने घासत राहिलं की पलीकडे धातूची केसासारखी कड उलटते. अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा, बाहेर नेला की ती नखाला अडकते. टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली तरच पातं पालटायचं. मी घाईने अर्ध्यातच पालटायचो आणि टोक बोथट राहायचं. शेवटी दाब कमी करत करत दोन्हीकडून एकेक फेरी, मग जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठीकडे ओढायचं, पूर्वी न्हावी वस्तरा ओढायचे तसं. पट्ट्यावर फार रमू नका. आरशासारखी केलेली धार सुतळीवरून घसरते. १००० वर सोडलेली जरा खरखरीत धार सुतळी चट्कन धरते. मातीने भरलेली सुतळी मात्र कुठलीच धार ठेवत नाही, कारण वाळूतली गारगोटी पोलादाहून कठीण.

घरातल्या सुरीला १५ च ठेवलेत, तिथे तार आड येत नाही. भरताला कांद्याची पात चिरताना बोथट सुरी ती चेचते, पाटावर पाणी सुटतं. आता पात कोरडी पडते. मायने दोन दिवस काही म्हटलं नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भो, घासून घासून सुरीचा दाभण करशीन तू."

दगडाचं स्वतःचं सांगायचं तर पंधरा मिनिटं भिजवावा, बुडबुडे थांबेपर्यंत. मे महिन्यात ओसरीवर बसलो तर वरचं पाणी पाच मिनिटांत उडायचं, लोटा शेजारीच ठेवावा लागायचा. वर साठणारी काळी राबडी धुऊ नका, घासण्याचं अर्धं काम तीच करते. मार्चपर्यंत बारीक बाजू मधून खोलगट झाली आणि कोन आपोआप बिघडू लागला. सपाट फरशीवर ओला पॉलिश पेपर ठेवून, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून, त्या पुसेपर्यंत घासला. आता दर महिन्याला करतो. बांबूचा पाट ओल्या फरशीवर सरकतो, त्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलाय. परत घ्यायचा झाला तर दगड हाच घेईन, फक्त चिमटीशिवाय.