जीटी ७१० सांभाळावं की जीटी १०३० घ्यावं?

आवाज सुरळीत चालू असतो, पण चित्र अडकत अडकत पुढे सरकतं. जीटी ७१० हे जुनं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र दाखवणारं कार्ड) असलेल्या संगणकावर हे होऊ लागलं की आहे त्या कार्डालाच वळण लावायचं, की जीटी १०३० आणायचं, असा प्रश्न पडतो. दोन्ही वाटा चालण्यासारख्या आहेत. माझा कल एकीकडे आहे, पण आधी दोष कार्डाच्या वयाचा आहे की आपल्या किनाऱ्यावरच्या हवेचा, ते बघून घ्या.

मालवण, देवगड किंवा हर्णैला समुद्राजवळच्या घरात कार्डाच्या सोनेरी पट्टीवर खाऱ्या दमट हवेचा मळकट थर चढतो. संगणक बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी सोडवून कार्ड सरळ वर ओढा. पट्टी मऊ पांढऱ्या खोडरबराने आतून कडेकडे हलक्या हाताने पुसा आणि मग सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन स्वच्छ करा. थिनर नको, कॉलिन नको. हीटसिंकखालची (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याखालची) पेस्ट खडूसारखी कोरडी झाली असेल तर तीही बदला. व्हिडिओ पंधरावीस मिनिटं नीट चालून मग अडखळत असेल तर बहुधा उष्णतेचा दोष असतो आणि एवढ्यावर भागतं. साफसफाईनंतरही विंडोज सुरू होण्याआधीच पडद्यावर ठिपके किंवा उभ्या रेघा दिसत असतील तर कार्डाची मेमरी जायला आली आहे. त्या कार्डावर आणखी वेळ घालवू नका.

पहिल्या सेकंदापासून अडखळत असेल तर मात्र कोडेक, म्हणजे व्हिडिओ आकसून साठवण्याची पद्धत, बघा. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकच्या ओळीत व्हीपी०९ किंवा एव्ही०१ दिसलं तर निदान झालं. जीटी ७१० एच.२६४ हा जुना कोडेक स्वतः उलगडतं. व्हीपी९, एव्ही१ आणि एचईव्हीसी हे नवे कोडेक उलगडणारं सर्किटच त्यात नाही. तो सगळा भार प्रोसेसरवर जातो आणि जुना ड्युअल कोअर दमतो. तिथेच गळालेल्या फ्रेम्सचा आकडा असतो. ३० फ्रेम्सच्या व्हिडिओत मिनिटाला १८०० फ्रेम्स येतात. त्यातल्या दोनचार गळाल्या तर डोळ्याला कळत नाही, शेकड्यांनी गळू लागल्या की बघवत नाही.

यावरचा बिनपैशाचा उपाय म्हणजे ब्राउझरमध्ये ‘एनहान्स्ड-एच२६४इफाय’ (enhanced-h264ify) हे एक्स्टेन्शन टाकून व्हीपी९ आणि एव्ही१ दोन्ही अडवायचे. पान रिफ्रेश केलं की त्याच ओळीत एव्हीसी१ (म्हणजेच एच.२६४) दिसायला हवं. फरक लगेच जाणवतो. बदल्यात दोन गोष्टी सोडाव्या लागतात. यूट्यूब एच.२६४ फक्त १०८०पीपर्यंत देतं. जुन्या मॉनिटरला तेवढं पुरतं. दुसरं, तेवढ्याच दर्जासाठी एच.२६४ जास्त डेटा खातो. फायबर असेल तर कळणारही नाही, पण पावसात झाड पडून केबल तुटली आणि आठवडाभर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढायची वेळ आली, तर कळतं.

इथवर तराजू जीटी ७१०च्याच बाजूने झुकलेला होता. माझ्यापुरता तो फिरला तो मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओंमुळे. शिमग्याला पालखी नाचवतानाचा व्हिडिओ घ्या. चाकरमानी तो फोनवर ४केमध्ये काढतात आणि पेनड्राइव्हवर घालून घरी ठेवून जातात. आयफोन मुळातच एचईव्हीसीत रेकॉर्ड करतो, आणि बरेच अँड्रॉइड फोनही तो पर्याय देतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप आकसून आलेली असते म्हणून चालते. मूळ फाइल उघडली की ढोल ऐकू येतो आणि पालखी जागच्या जागी थिजते. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन इथे उपयोगाचं नाही. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने फाइल एच.२६४ करून घेता येते, पण जुन्या प्रोसेसरवर क्लिपच्या लांबीच्या कित्येक पट वेळ जातो, आणि घरातली वयस्कर माणसं ते करत बसणार नाहीत. त्यांना डबल क्लिक केल्यावर व्हिडिओ दिसायला हवा. जीटी १०३० एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही स्वतः उलगडतं, १०-बिटसुद्धा. एव्ही१ त्यालाही येत नाही, म्हणून एक्स्टेन्शन राहू द्या, मात्र त्यात एव्ही१ एवढंच अडवा. व्हीपी९ मोकळा राहिला की डेटाही वाचतो.

घेताना काही खाचाखोचा आहेत. जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड ३० वॅटचं असतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) चालतो. याच नावाने डीडीआर४ मेमरीचंही कार्ड मिळतं. किमतीत फार फरक नसेल तर ते टाळा. शक्यतो पंखा नसलेलं मॉडेल निवडा. खाऱ्या हवेत हे इवलेसे पंखे आधी करकरतात आणि मग जाम होतात, आणि त्याच मापाचा पंखा तालुक्याच्या गावी मिळणं कठीण. कॅबिनेटचा मागचा पंखा मात्र चालू हवा.

जुना मॉनिटर व्हीजीएचा असेल तर आधीच सावध व्हा. जीटी १०३०वर सहसा एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी किंवा डिस्प्लेपोर्ट असतं, व्हीजीए नसतं. डीव्हीआय-डीमधून अ‍ॅनालॉग सिग्नल येतच नाही, त्यामुळे स्वस्तातला साधा जोड लावून पडदा काळाच राहतो. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा सर्किटवाला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. काही जुने ब्रँडेड मदरबोर्ड नवं कार्ड ओळखतच नाहीत, म्हणून जमलं तर कॅबिनेट दुकानात नेऊन तिथेच लावून बघा. सेकंडहँड घेत असाल तर जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवून बघा. नाव बदलून खपवलेल्या बनावट कार्डांपुढे ते ‘फेक’ असं दाखवतं.

ज्यांच्या घरी संगणकावर फक्त यूट्यूबवरची भजनं आणि बातम्या लागतात, त्यांनी खर्च करू नये, हे मी मनापासून सांगतो. फोनवरच्या फाइल येत असतील तर जीटी १०३०.

कार्ड बसवल्यावर आवाज गेला तर घाबरू नका. विंडोजने आवाज एचडीएमआयवर वळवलेला असतो, तो परत स्पीकरवर घ्या. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तीच पालखीची फाइल लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख बघा. आलेख वर चढला आणि प्रोसेसर शांत राहिला तर काम फत्ते. आलेख सपाटच राहिला तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट / कोडेक्स’खाली हार्डवेअर डीकोडिंग ‘डिसेबल’वर राहिलं असेल, ते ‘ऑटोमॅटिक’ करून व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा.