सिएनामागे स्कॅम्प, पश्चिम मेरीलँडच्या घाटात

आमची गाडी 2015 ची टोयोटा सिएना मिनीव्हॅन. साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह, 3.5 लिटरचं व्ही-6 इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. तिच्यामागे 13 फुटी स्कॅम्प, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेला छोटा कॅम्पिंग ट्रेलर, जोडून आम्ही दोन मोसम फिरलो. ट्रेलर घेताना ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं होतं की आधी पिकअप घ्या, मिनीव्हॅनचं हे काम नव्हे. सपाट रस्त्यावरच्या अनुभवावरून मी काही लिहिलं नसतं. पण आम्ही मेरीलँडात जर्मनटाउनला राहतो आणि आमचा नेहमीचा रस्ता म्हणजे फ्रेडरिकवरून आय-70 महामार्ग, हॅनकॉकला आय-68 आणि मग सरळ पश्चिमेला डीप क्रीक तलावापर्यंत. साइडलिंग हिल, टाउन हिल, पॉलिश माउंटन, कंबरलँडनंतर बिग सॅव्हेज, एकामागून एक डोंगर आडवे येतात. चढलं की उतरायचं, उतरलं की पुन्हा चढायचं. या रस्त्यावर गाडीचं खरं पाणी कळतं.

आधी ट्रेलरबद्दल. स्कॅम्प मिनेसोटातल्या बॅकस गावी बनतो. फायबर ग्लासचे दोन अर्धे भाग, वरचा आणि खालचा, मध्ये जोडलेले. टपाला सांधा नाही, त्यामुळे गळतीची मुख्य जागाच नाही. रिव्हेटवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. आमचा जुना आहे, त्यातले चार रिव्हेट मी स्वतः बदलले. रुंदी 6 फूट 8 इंच, म्हणजे सिएनापेक्षा जेमतेम दोन इंच जास्त. ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. गाडीच्या मूळ आरशांतच मागचं सगळं दिसतं, वरून लांब आरसे लावावे लागत नाहीत. आणि ट्रेलर गाडीच्या आडोशाने चालत असल्यामुळे वाराही कमी अडतो.

टोयोटाची या गाडीसाठी ओढायची मर्यादा 3,500 पौंड, आणि हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडावर, येणारा भार जास्तीत जास्त 350. रिकामा स्कॅम्प दीड हजार पौंडांच्या आत बसतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. तसं होऊ नका. आम्ही बॅटरी, गॅसची टाकी, अंथरुणं, भांडी, तांदळाचा डबा, प्रेशर कुकर असं सगळं भरून ट्रकवाल्यांच्या कॅट स्केलवर नेला तेव्हा 1,980 पौंड भरला. पाण्याची 12 गॅलनची टाकी भरली असती तर आणखी शंभर पौंड. म्हणून आम्ही टाकी रिकामी नेतो आणि मुक्कामावर भरतो.

त्याहून महत्त्वाचं वजन गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दारावर लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. आमच्या दारावरच्या चिठ्ठीत माणसं आणि सामान मिळून 1,160 पौंड असं आहे. आम्ही चौघं 560. हिचवरचा भार 210, आणि तोही यातच धरायचा. हिच आणि त्यावरचा गोळ्याचा दांडा (बॉल माउंट) 55. उरले 335. त्यात कूलर, खुर्च्या, मुलीची सायकल आणि कपडे. मिनीव्हॅनची खरी मर्यादा इथे संपते, 3,500 वर नाही. सात माणसं बसवून मागे ट्रेलर लावायचा विचार असेल तर ही गाडी त्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगते.

सामान कुठे ठेवायचं हे मला बाबांनी शिकवलं. बाबा एसटीत चालक होते, चिपळूण आगार, कुंभार्ली घाटातून कऱ्हाडच्या गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं नेल्या. गेल्या ऑक्टोबरात ते इथे आले होते. ट्रेलरमागे उभे राहून त्यांनी दोन्ही हातांनी मागची कड दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाय, ही उलाळ व्हायची नाही ना? बैलगाडीगत थोडी धुरजडच ठेव." उलाळ म्हणजे मागे जड, धुरजड म्हणजे पुढे जड. नियम अगदी तोच आहे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पुढे हिचवर यायला हवं. मागे ओझं झालं की ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो, आणि उतारावर तो हलला की आवरणं अवघड. आमचे 210 म्हणजे साडेदहा टक्के. डबे आणि कुकर आसाच्या पुढच्या बाजूला, मागच्या बाकाखाली फक्त अंथरुणं. दोन मोसमांत ट्रेलर एकदाही डोलला नाही, शेजारून अठरा चाकी ट्रक गेला तरी.

सिएनाची मागची स्प्रिंग मऊ आहे. ट्रेलर जोडला की मागचा भाग बसतो, पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर जातात आणि पेट्रोल पंपात शिरताना हिच रस्त्याला घासतो. मी मागच्या स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या एअर लिफ्ट कंपनीच्या हवेच्या नळ्या घातल्या. ट्रेलर जोडला की त्यात हवा भरायची, काढला की सोडायची. गाडी पुन्हा समपातळीत येते. खर्च केलेल्या पैशांत ही सर्वात समाधानाची वस्तू. पंपाच्या उंचवट्यावर मी तरीही गाडी तिरकीच घेते.

इलेक्ट्रिक ब्रेकचं मात्र नीट ऐका. ट्रेलरला ब्रेक आहेत, पण सिएनाला त्यांची वायरिंग येत नाही, ती करून घ्यावी लागते आणि आत ब्रेक कंट्रोलर लावावा लागतो. आम्ही टेकोन्शा कंपनीचा लावलाय. गाडी जेवढी जोराने थांबते तेवढाच जोर तो ट्रेलरच्या ब्रेकला देतो, म्हणून धक्का बसत नाही. पण ज्या दुकानाने आधी वायरिंग केली त्यांनी गाडीखालचे जोड नुसती टेप गुंडाळून सोडले होते. पहिल्याच मोसमात हेगर्सटाउनच्या पुढे पावसात कंट्रोलरने दाखवलं की ट्रेलर जोडलेलाच नाही. मागे जवळजवळ टनभर ओझं, रस्ता ओला, आणि त्याचे ब्रेक गेलेले. मुलगी मागे झोपली होती. मी वेग उतरवत पुढच्या फाट्याला बाहेर पडले, पार्किंगमध्ये गाडीखाली शिरले तेव्हा टेप सुटून तांब्याची तार हिरवी पडलेली दिसली. त्या दिवशी तिथूनच परत फिरलो. नंतर दुसऱ्या ठिकाणी जाड तार बॅटरीपासून नवी ओढून, जोड झाळून, वर बंद नळी चढवून घेतली. तेव्हापासून प्रश्न नाही. वायरिंग झाल्यावर स्वतः वाकून बघा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

आता घाट. कंबरलँड साधारण सहाशे फुटांवर आहे, तिथल्या गावातल्या वळणावरून बाहेर पडलं की रस्ता फ्रॉस्टबर्गकडे चढतो तो बिग सॅव्हेजवर अडीच हजार फुटांच्या वर जाईपर्यंत फारसा थांबत नाही. पहिल्या खेपेला मी गिअर डीमध्येच ठेवला. गाडी पाचवा, चौथा, पुन्हा पाचवा असं करत राहिली. वेग होता, आवाजही फार नव्हता, म्हणून मला सगळं ठीक वाटलं. पण गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या छोट्या यंत्रावर (कोड रीडर) गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान 238 फॅरनहाइटवर गेलेलं. एरवी ते 190 च्या आसपास असतं. दर वेळी गिअर बदलताना टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाची, पक्की पकड सुटते आणि ती सुटली की आतलं तेल घुसळून तापतं.

पुढच्या खेपेपासून मी चढाच्या आधीच एस मोडमध्ये, म्हणजे गिअर हाताने ठरवता येतो तिथे, चौथा घेते, खडा चढ आला की तिसरा. ताशी 50 मैल, इंजिन 3,500 फेऱ्यांच्या आसपास. आवाज मोठा होतो, घाबरायचं नाही. ते इंजिन त्याच कामाचं आहे. तोच चढ, तापमान 214 वर थांबलं. उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे शांतपणे चढायचं. शक्ती कमी पडते असं मला या गाडीत एकदाही वाटलं नाही. गिअरबॉक्सचं तेल मात्र मी दर 30 हजार मैलांनी बदलते.

उतारावर बाबांचा एकच नियम: ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरायचा. परतीच्या वाटेवर साइडलिंग हिलवरून हॅनकॉककडे उतरताना मी तिसऱ्यात होते. वेग वाढला की एकदा ठाम ब्रेक, 45 वर आणायचं, पाय काढायचा. पाय ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही. खाली आल्यावर बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, चष्मा वर केला, आणि ट्रेलरच्या डाव्या चाकाच्या मध्यावर, ग्रीसच्या टोपीपासून बोटभर अंतरावर हाताची मागची बाजू धरली. मग टेकवली. मग उजव्या चाकाकडे जाऊन तसंच केलं. पुन्हा डावीकडे आले. "हे जास्त तापलंय. लायनर घासतोय." मला दोन्ही सारखेच वाटत होते. घरी येऊन चाक काढलं तर डाव्या बाजूचा ब्रेक खरंच जास्त कसला गेला होता आणि लायनरवर एका बाजूला चकाकी आली होती. आता प्रत्येक थांब्यावर मी दोन्ही चाकांना हात लावते. हाताची मागची बाजूच, कारण तळहात राठ असतो आणि भाजलं तर स्टेअरिंग धरता येत नाही.

एक खरी उणीव आहे ती फ्रंट व्हील ड्राइव्हची. हिचवर वजन आलं की पुढची चाकं हलकी होतात. स्वॅलो फॉल्स पार्कात आमची मुक्कामाची जागा चढावर होती, खाली खडी आणि वर ओली पानं. ट्रेलर मागे चढवताना पुढची चाकं जागीच फिरली, खडी उडाली. जोर करून काही होत नाही. नवऱ्याने पानं झाडली, मी गाडी पुढे घेऊन सरळ केली आणि अगदी हळू पुन्हा मागे घेतली, तेव्हा कुठे चढली. सिएना ऑल व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. डोंगरातच फिरायचं असेल आणि गाडी अजून घ्यायची असेल तर मी तीच घ्या म्हणेन.

पेट्रोल एरवी हायवेला गॅलनमागे 24 मैल, ट्रेलर लावून 16. वेग मी 60 च्या वर नेत नाही. घरापासून डीप क्रीक दीडशे मैल, थांबत थांबत चार तास धरते.

16 फुटी ट्रेलर ओढेल का असं मैत्रीण विचारत होती. कागदावर बसतो, पण भरल्यावर दारावरच्या चिठ्ठीत काय उरतं ते आधी मांडून बघ, असं मी तिला सांगितलं. तिघंच असाल आणि सामान मोजून नेणार असाल तर बसेल. आमच्या चौघांसाठी मी 13 च्या पुढे जाणार नाही. यंदा मे महिन्यात बाबा पुन्हा येतायत. त्याआधी दोन्ही बाजूंचे लायनर नवे टाकायचेत, बेअरिंगला ग्रीस भरायचंय. ग्रीस त्यांनी फोनवर सांगितलं तसंच भरणार, तळहातावर घेऊन, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत.