जुनं चावीचं घड्याळ कुठून घ्यावं: झवेरी बाजार, अब्दुल रहमान स्ट्रीट, चोर बाजार की ऑनलाइन?

एकाच बनावटीचं जुनं घड्याळ मुंबईत चार ठिकाणी चार भावांना मिळतं, कारण चारही ठिकाणी विकली जाणारी गोष्ट वेगळी असते. झवेरी बाजारातला सराफ सोन्याचं वजन विकतो. अब्दुल रहमान स्ट्रीटच्या आसपासचा घड्याळजी चालू मशीन विकतो. चोर बाजारात जसं आहे तसं घ्यावं लागतं, आणि ऑनलाइन विकणाऱ्याचा सगळा भर फोटोवर असतो. आपण यातलं काय विकत घेतोय हे आधी ठरलं, तर निवड सोपी होते.

आधी भूगोल. शेख मेमन स्ट्रीट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट दोन्ही क्रॉफर्ड मार्केटपासून उत्तरेला जातात. पहिला मुंबादेवीच्या अंगाला झवेरी बाजारात शिरतो, दुसऱ्यावर घड्याळांची घाऊक दुकानं आहेत. सीएसएमटीहून दोन्हीकडे चालत जाता येतं. मस्जिद स्थानक आणि मेट्रो 3 चं काळबादेवी स्थानकही सोयीचं. चोर बाजाराचा मटन स्ट्रीट तिथून आणखी उत्तरेला, पायी साधारण अर्धा तास. सकाळी अकराच्या आधी जाऊन उपयोग नाही. झवेरी बाजारातल्या बहुतेक पेढ्या रविवारी बंद असतात. मटन स्ट्रीटवरची पक्की दुकानं बहुतेक शुक्रवारी बंद आणि त्या दिवशी रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार, हे गणित लक्षात ठेवून वार निवडा.

झवेरी बाजार: सोन्याची केस

इथे जुनी सोन्याची घड्याळं येतात ती मोडीत. घरातलं घड्याळ बंद पडलेलं असतं, दुरुस्तीची कोणाला हौस नसते, सोन्याचा भाव चढलेला असतो. सराफ मशीन काढून बाजूला ठेवतो आणि केस, म्हणजे मशीनभोवतीचं कवच, आटवायला जाते. या वाटेवर कितीतरी चांगली घड्याळं संपली, आणि ते खरंच वाईट आहे. म्हणूनच ओळखीच्या सराफाकडे शब्द टाकून ठेवायचा: अख्खं घड्याळ मोडीला आलं तर केस उघडण्याआधी कळवा.

किंमत ठरते केसच्या निव्वळ वजनावर. मशीन, काच, पट्ट्याच्या स्टीलच्या दांड्या आणि चावीचा खुंटा बाजूला काढून उरलेलं वजन धरायचं. समजा 18 कॅरेटची केस 9 ग्रॅम भरली, तर शुद्ध सोनं 9 × 0.75, म्हणजे 6.75 ग्रॅम. त्या दिवसाच्या 24 कॅरेटच्या भावाने गुणलं की तळाचा आकडा मिळतो. बोलणं तोळ्यात चाललं असेल तर तोळा 10 ग्रॅमचा धरलाय की 11.66 ग्रॅमचा, हे आधीच विचारून घ्या.

दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा क्रमांक) बघायची सवय लागली असेल तर इथे ती कामाची नाही. सक्तीच्या हॉलमार्किंगमधून घड्याळं वगळलेली आहेत. जुन्या स्विस केसवर झाकणाच्या आतल्या बाजूला सूक्ष्म ठसे असतात: 18 कॅरेटला बाईचं मुखडं, म्हणजे हेल्व्हेशिया, आणि 14 कॅरेटला खार. 1995 नंतरच्या मालावर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं. दहापट भिंगाशिवाय हे नीट दिसत नाहीत.

नुसत्या '18 के' अक्षरांवर मात्र विसंबू नका. त्याच्या शेजारीच बारीक अक्षरांत '20 मायक्रॉन' लिहिलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर तो मुलामा आहे, खाली पितळ. 'गोल्ड फिल्ड', 'प्लाके' हे शब्दही मुलाम्याचेच. झाकणावर 'बॅक स्टेनलेस स्टील' असेल तर स्टील फक्त झाकणाला आहे. कॅरेट तपासायचं एक्स-रे मशीनही इथे चकवतं. ते सोन्यात काही मायक्रॉनपेक्षा खोल पाहत नाही, त्यामुळे 20 मायक्रॉनचा जाड मुलामा त्याला सोनंच दिसतो.

खात्रीचा उपाय पाण्याचा आहे आणि तो पेढीवर दोन मिनिटांत होतो. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा. रिकामी केस दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे हलवून सोडवा. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर केसचं आकारमान. कोरडं वजन त्याने भागा. 9.30 ग्रॅमच्या केसला 0.60 आलं तर उत्तर 15.5, म्हणजे 18 कॅरेट. 14 कॅरेट 13 ते 13.6 च्या आसपास येतं. 1.09 आलं तर उत्तर साडेआठ, आणि ते पितळ. केस सुटी करायला सराफ तयार नसेल, तर सोन्याच्या भावाने पैसे देऊ नका.

झवेरी बाजारात आणखी एक गोष्ट सहज होऊन जाते: झिजलेल्या केसवर सोन्याचं पाणी चढवून घेणं. शक्यतो नकोच. पाणी चढवण्याआधी केस बफवर घासतात, त्यात पट्टा अडकतो त्या कानांच्या धारदार कडा गोल होतात आणि झाकणावरचे आकडे पुसट होतात. वर चढतो तो थर कारखान्यातल्या 20 मायक्रॉनपुढे अगदीच पातळ असतो. मनगटाचा घाम लागून काही महिन्यांत पितळ परत डोकावतं. कोपऱ्यांवर झिजलेला मूळ मुलामा जास्त चांगला दिसतो आणि विकताना किंमतही तोच राखतो.

अब्दुल रहमान स्ट्रीट आणि आसपासचे घड्याळजी

पहिलं घड्याळ घेणाऱ्याने इथेच घ्यावं. भाव चोर बाजारापेक्षा चढा असेल, पण त्यात तीन गोष्टी येतात: समोर झाकण उघडतं, बिघडलं तर परत जायला पत्ता असतो, आणि सुटे भाग मिळायची शक्यता असते. झाकण उघडायला जो नाही म्हणतो तो इथला असला तरी सोडून द्या.

एचएमटी घ्यायचं असेल तर हीच जागा योग्य. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. जनता, पायलट यांतली 17 माणकांची (चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या लाल खड्यांची) मशीनं इतकी खपली, की त्यांचा एखादा भाग लागलाच तर दुसऱ्या बंद घड्याळातून काढून बसवता येतो. सेको 5 चंही तसंच. त्यातलं 7एस26 मशीन घेताना चावी फिरवून पाहू नका, त्याला हाताने चावी देता येतच नाही. मनगटावर हलवूनच ते भरतं. फावर-ल्यूबा आणि वेस्ट एंडचा इथे खास मान आहे. वेस्ट एंडचं 'सोवार प्राइमा' हे नाव मूळ 'स्वार'वरून आलेलं, आणि कंपनीची मुंबईतली पेढी 1886 ची. पण त्यांचे काही भाग आता सहज मिळत नाहीत. ही दोन नावं दुसऱ्या खरेदीसाठी ठेवलेली बरी.

उघडलेल्या मशीनमध्ये काय बघायचं? सगळ्यात आधी बॅलन्स चाक, म्हणजे ठोक्यागणिक मागे-पुढे फिरणारं चाक. चावी पूर्ण भरायला सांगा, घड्याळ डायल खाली करून ठेवा आणि भिंग लावा. निरोगी चाक इतक्या मोकळेपणाने फिरतं, की त्याचे आरे धूसर दिसतात आणि वळणाच्या टोकाला क्षणभर स्पष्ट. चाक नुसतं थरथरत असेल तर मशीन चालतंय खरं, पण फार दिवस नाही. घड्याळजीकडे टाइमग्राफर, म्हणजे ठोके ऐकून मोजणारं यंत्र, असेल तर त्यावर लावायला सांगा. आडव्या स्थितीत चाकाचा झोका 250 ते 300 अंश असेल तर उत्तम. 220 च्या खाली आला तर सर्व्हिसिंग लागणार, आणि तो खर्च आजच्या किमतीतून वजा झाला पाहिजे. ठोक्यातला फरक 1 मिलिसेकंदाच्या आत असावा. दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे ही जुन्या घड्याळाची तक्रार होऊ शकत नाही.

मग माणकं. लाल खड्याभोवती तपकिरी कडं दिसलं तर तेल वाळलंय. असं कोरडं चालवलेलं मशीन चाकांच्या खुंट्यांची टोकं खातं, आणि मग साफसफाईने भागत नाही, चाक बदलावं लागतं. उलट सगळीकडे तेल पसरून चमकत असेल तर कोणीतरी उघडून न धुता वरून तेल सोडलंय. बालकमानीचे, म्हणजे बॅलन्स चाकावरच्या केसाएवढ्या बारीक कमानीचे, वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ तासाला काही मिनिटं पुढे धावतं. चावीच्या दांड्याजवळ गंज आहे का तेही पाहा, मुंबईच्या पावसाळ्याचं पाणी आधी तिथूनच आत जातं.

शेवटी पुलावर, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर, कोरलेलं नाव. डायलवर एक कंपनी आणि मशीनवर दुसरी, असं असेल तर ते दोन-तीन घड्याळांचं मिळून एक केलेलं असू शकतं, पण काही कंपन्या दुसऱ्यांची मशीनंही वापरत. स्वस्तात वापरायला घेतलंत तर हरकत नाही, पण खात्री केल्याशिवाय मूळ म्हणून पैसे मोजू नका.

चोर बाजार

मटन स्ट्रीटवर जाताना खिशात चार वस्तू हव्यात: दहापट भिंग, छोटी विजेरी, झाकण फिरवायचा रबरी चेंडू आणि दाबून बसवलेल्या झाकणासाठी बोथट पात्याची सुरी. चेंडू झाकणावर दाबून डावीकडे फिरवला की खाचांची स्क्रूची झाकणं ओरखडा न पडता सुटतात, फारच घट्ट नसली तर. विकणाऱ्याला विचारूनच उघडा. बरेच जण नाही म्हणत नाहीत, कारण आत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नसतं.

इथली खरी संधी बंद घड्याळांत आहे. चालू, चकचकीत, नव्या पट्ट्याचं घड्याळ इथे दिसलं तर ते बहुधा रंगवून आणलेलं असतं. मळकट काचेखाली मूळ डायल शाबूत, बॅलन्स चाक हलवल्यावर मोकळं फिरतंय, फक्त चावीची मुख्य कमान तुटलीय किंवा मशीन मळलंय: असं सापडलं तर घ्या. कमान बदलणं आणि धुणं ही घड्याळजीची रोजची कामं आहेत. बॅलन्सची दांडी मोडली असेल तर मात्र सोडा. चिमट्याने किंवा टाचणीने हलकेच उचलून पाहिलं, की मोडलेलं चाक एका बाजूला कलंडतं.

घासाघीस होणारच. पण ती दोष दाखवून करा, 'अर्ध्यात देता का' म्हणून नको. तेल वाळलंय, काच बदलावी लागेल, चावीचा खुंटा मूळ नाही, असं एकेक दाखवलं की समोरचाही गांभीर्याने बोलतो. बिल आणि हमी इथे नसते.

ऑनलाइन

निवड इथे सर्वात मोठी आणि फसगतही. हजार-दीड हजारात, निळ्या-नारिंगी झगझगीत डायलचं 'जुनं' घड्याळ दिसलं की समजा, डायल नव्याने छापलंय. घड्याळांचे जगभरचे शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखतात, आणि हे नाव मागे लागलंय ते उगाच नाही. देवनागरी अंकांच्या जनताला फार मागणी आहे, त्यामुळे तिथे दुप्पट सावध राहा.

नवं छापलेलं डायल फोटोतही ओळखता येतं, फक्त फोटो मोठा करून मिळाला पाहिजे. अक्षरांच्या कडा जाड आणि केसाळ दिसतात. मिनिटांच्या रेषा उठावाच्या खुणांसमोर नेमक्या येत नाहीत. तारखेच्या खिडकीच्या कडेला रंग साचलेला असतो. सेकंदांच्या छोट्या वर्तुळात मूळ डायलवर जी गोल-गोल बारीक चरे असतात, ती रंगाखाली बुजलेली असतात. स्विस घड्याळाच्या सहाच्या खाली 'स्विस मेड' गायब असतं, किंवा चुकीच्या वळणाच्या अक्षरांत येतं. आणि काट्यांवरचा रेडियम पिवळा पडलेला, पण डायलवरचा पांढराशुभ्र, असं असेल तर दोन्ही एका वयाचे नाहीत.

पैसे पाठवण्याआधी चार गोष्टी मागा: डायलचा तिरक्या उजेडातला फोटो, झाकणाची आतली बाजू, उघड्या मशीनचा फोटो, आणि फोनच्या स्लो मोशनवर घेतलेला बॅलन्स चाकाचा व्हिडिओ. यातलं काहीच न देणाऱ्याकडून घेऊ नका. पुण्या-नागपूरला किंवा परदेशात असाल आणि मुंबईला येणं जमत नसेल, तर ऑनलाइन हीच वाट उरते. तेव्हा परत घेण्याची अट लेखी घ्या आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करा.

कोणी काय निवडावं

रोज वापरायचं आहे आणि यातलं काही कळत नाही: घड्याळजी, आणि एचएमटी किंवा सेको. मशीन ओळखता येतं, वेळ आहे, दोन-तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या तरी चालतं: चोर बाजार, आणि दुरुस्तीसाठी परत अब्दुल रहमान स्ट्रीट. घरच्या कोणासाठी सोन्याचंच हवं: झवेरी बाजार, केसच्या वजनाच्या हिशोबावर, आणि मशीनची तपासणी वेगळी घड्याळजीकडून. नेमकं एकच मॉडेल शोधताय आणि त्याचं मूळ डायल कसं असतं हे तोंडपाठ आहे: ऑनलाइन.

घेतल्यावर पहिला आठवडा एका कागदावर नोंद ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी चावी भरा, फोनच्या वेळेशी फरक लिहा, आणि रात्री एकदा डायल वर, एकदा चावी खाली असं ठेवून फरक बदलतो का ते पाहा. तारीख असलेलं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख बदलायला जाऊ नका, तेव्हा दाते गुंतलेले असतात आणि मोडतात. घड्याळ अचानक दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जायला लागलं तर होकायंत्र जवळ धरा. सुई हलली तर मशीनमध्ये चुंबकत्व भरलंय, बहुधा फोन किंवा स्पीकरजवळ ठेवल्यामुळे. घड्याळजी ते मिनिटभरात उतरवून देतो. झाकणाखालचं रबरी कडं त्याच फेरीत बदलून घ्या, आणि नवं कडं बसवलं तरी पावसात ते घड्याळ घालू नका.