पत्रावरची तारीख आपोआप बदलू नये म्हणून: कोणता मार्ग कोणासाठी योग्य?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले, तेव्हा मी ज्या व्यापारी पेढीचा पत्रव्यवहार सांभाळत होतो तेथील खालच्या दोन फळ्यांवरच्या फायली भिजून लगदा झाल्या. संगणक आदल्या दिवशीच माळ्यावर नेल्यामुळे वाचला होता. तेव्हा त्यातील पत्रे पुन्हा छापून स्थळप्रतींच्या फायली नव्याने उभ्या कराव्यात, असे ठरले. पहिले पत्र उघडले. वर डावीकडे जावक क्रमांक ४१/२०१६ आणि उजवीकडे ‘दि. ३ सप्टेंबर २०१९’. दुसरे उघडले, तिसरे उघडले. जावक क्रमांक जुने आणि तारीख सर्वांवर त्याच दिवसाची. तीन वर्षांपूर्वी पाठवलेले उधारीचे स्मरणपत्र जणू त्या सकाळीच लिहिलेले होते.

संगणकात बिघाड नव्हता. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘इन्सर्ट’ मेनूतील ‘डेट अँड टाइम’ ही चौकट उघडून तारीख घालताना खालच्या ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ या खुणेच्या चौकोनात टिक असेल, तर कागदावर उमटते ती अक्षरांत लिहिलेली तारीख नसते. ते एक ‘फील्ड’ असते आणि फाइल उघडताना किंवा छापताना ते त्या क्षणी संगणकाच्या घड्याळात असलेली तारीख दाखवते. ऑल्ट-शिफ्ट-डी ही कळ दाबूनही हेच फील्ड येते, आणि घाईत टंकलेखन करणाऱ्यांच्या बोटांना नेमकी तीच सवय असते. ही तारीख थांबवण्याचे मार्ग अनेक आहेत. मात्र ते एकमेकांची जागा घेत नाहीत, म्हणून निवड करण्यापूर्वी आपल्याला कोणती तारीख हवी आहे, हे ठरवणे आवश्यक आहे.

सर्वांत साधा मार्ग म्हणजे तारीख हाताने टाइप करणे, किंवा वरील चौकटीतील टिक काढून घालणे. दोन्हींचे फळ एकच: साधा मजकूर, जो कोणत्याही संगणकावर आणि कोणत्याही वर्षी उघडला तरी तसाच राहतो. यात एकच धोका आहे आणि तो माणसाचा आहे. आपल्याकडील बहुतेक कार्यालयांत नवे पत्र कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. गेल्या वेळचे पत्र उघडून त्यातील नाव व रक्कम बदलली जाते, आणि जुनी तारीख तशीच निघून जाते. टिक काढण्याविषयी एक गैरसमजही आढळतो. ही टिक फक्त त्या वेळी घातल्या जाणाऱ्या तारखेपुरती असते. पत्रात आधीपासून असलेले फील्ड ती काढल्याने गोठत नाही. ते पुसून तारीख नव्याने घालावी लागते किंवा पुढील उपाय करावा लागतो.

आधीचे फील्ड गोठवायचे असेल तर दोन उपाय आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. तारखेवर कर्सर ठेवून कंट्रोल-शिफ्ट-एफ ९ दाबले की फील्ड कायमचे तुटते आणि त्या क्षणी दिसत असलेली तारीख साधा मजकूर बनते. कंट्रोल-एफ ११ दाबले तर फील्ड तसेच राहते, फक्त त्याला कुलूप लागते; कंट्रोल-शिफ्ट-एफ ११ ने ते पुन्हा उघडता येते. कुलूप ऐकायला सोयीचे वाटते, पण कार्यालयीन पत्रासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. कुलूपबंद तारीख आणि मोकळी तारीख पडद्यावर अगदी सारखी दिसते. फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की त्याला त्याचा पत्ता नसतो, आणि तो कळत-नकळत ते उघडू शकतो. मसुद्यावर आठवडाभर काम चालू असेल व तेवढ्यापुरती तारीख थांबवायची असेल, तर कुलूप योग्य. सही होऊन जावक क्रमांक पडणार असेल, तर तोडणेच योग्य. अनेक लॅपटॉपवर या कळांसोबत एफएन कळही धरावी लागते, त्यामुळे ‘कळ चालत नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुधा तेथेच असते.

तोडण्याच्या उपायातही एक खड्डा आहे. सगळेच फील्ड एकदम काढावेत म्हणून काही जण कंट्रोल-ए ने संपूर्ण मजकूर निवडून मग कंट्रोल-शिफ्ट-एफ ९ दाबतात. त्यामुळे तारखेबरोबर अनुक्रमणिका, परस्परसंदर्भ आणि दुवे हेही साधा मजकूर होऊन बसतात, आणि ज्या लेटरहेडच्या शीर्षपट्टीत तारीख ठेवलेली असते ती शीर्षपट्टी या निवडीत येतच नाही, म्हणजे नको ते तुटते आणि हवे ते राहते. शीर्षपट्टीवर दोनदा क्लिक करून आत शिरावे आणि केवळ त्या तारखेवरच कळ चालवावी.

तिसरा मार्ग नमुना पत्र वापरणाऱ्यांसाठी आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी वापरला जातो. वर्डमध्ये ‘डेट’ व्यतिरिक्त ‘क्रिएटडेट’, ‘सेव्हडेट’ आणि ‘प्रिंटडेट’ ही फील्ड आहेत. ती अनुक्रमे दस्तऐवज तयार झाल्याची, शेवटचा जतन केल्याची आणि शेवटचा छापल्याची तारीख दाखवतात. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ज्यावरून नवी पत्रे काढली जातात त्या नमुना फाइलमध्ये, क्रिएटडेट घातले की त्यावरून काढलेल्या प्रत्येक नव्या पत्रावर त्या दिवसाची तारीख येते आणि पुढे पत्र कितीही वेळा उघडले तरी ती तीच राहते. तारीख टाइप करण्याचे विसरणे नाही आणि ती सरकणेही नाही. मात्र यासाठी टेम्प्लेट खरोखर टेम्प्लेट म्हणूनच वापरले पाहिजे. जुने पत्र उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ केल्यास वर्ड त्या दिवसाला नव्या फाइलची निर्मिती-तारीख मानतो; एकवेळ हे उपयोगी पडते. उलट, फोल्डरमध्येच फाइलची नक्कल करून ती उघडली, तर आतली निर्मिती-तारीख जुनीच राहते. ज्या कार्यालयात दोघे-तिघे आपापल्या पद्धतीने काम करतात, तेथे हा फरक रोजची डोकेदुखी ठरू शकतो. सेव्हडेट आणि प्रिंटडेट पत्रावर नकोत. मसुद्याच्या तळपट्टीत ‘शेवटचा बदल’ दाखवण्यास ती ठीक आहेत.

तारखेची मांडणी स्वतः लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: महिन्यासाठी इंग्रजी एम हे अक्षर मोठ्या लिपीत लागते. लहान लिपीतील एम म्हणजे मिनिटे, आणि मग तारखेच्या मध्ये सदतीसावा महिनाही उमटू शकतो.

आता प्रोग्रामच बदलण्याच्या विचारात असलेल्यांसाठी. लिब्रेऑफिस रायटर विनामूल्य आहे आणि या एका बाबतीत त्याची मूळ वागणूक वर्डपेक्षा सुरक्षित आहे, कारण ‘इन्सर्ट’मधील ‘फील्ड’ या यादीतून थेट ‘डेट’ निवडल्यास येणारी तारीख स्थिर असते. कंट्रोल-एफ २ ने उघडणाऱ्या सविस्तर चौकटीत स्थिर आणि बदलती असे दोन पर्याय वेगळे लिहिलेले असतात, त्यामुळे काय घालतो आहोत हे डोळ्यांसमोर राहते. गूगल डॉक्समध्ये ‘@’ टाइप करून पुढे ‘टुडे’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की तारखेची एक चिप, म्हणजे क्लिक करता येणारी छोटी चौकट, येते; ती दुसऱ्या दिवशी सरकत नाही, हवी तर क्लिक करून दिनदर्शिकेतून बदलता येते. ज्यांना सरकणाऱ्या तारखेची गरजच नाही त्यांच्यासाठी तेथे ही अडचण जवळजवळ उद्भवत नाही. तरीही केवळ तारखेसाठी सगळे कार्यालय नव्या प्रोग्रामवर नेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. जुन्या मराठी फाँटमधील पत्रे, ठरलेले लेटरहेड आणि हाताची सवय यांची किंमत एका टिकेपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

पीडीएफ हा मार्ग या सर्वांच्या जोडीने वापरायचा आहे, त्यांच्याऐवजी नव्हे. सहीच्या दिवशीच पीडीएफ काढून मूळ फाइलशेजारी ठेवली, तर पुढे मूळ फाइलचे काहीही होवो, त्या दिवशीचे पत्र जसेच्या तसे राहते. ती वर्षभराने काढली, तर चुकीची तारीख अधिक पक्की होते, एवढेच.

माझी निवड विचाराल, तर ज्या कागदाची तारीख मुदतीला बांधलेली आहे तेथे फील्ड अजिबात नको. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस सभासदांना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. धनादेश न वटल्याची नोटीस, बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत पाठवावी लागते. अशा नोटिशीची संगणकातील प्रत सभासदाला किंवा वकिलांना पुन्हा छापून दिली आणि तिच्यावर छापल्या दिवसाची तारीख आली, तर मुदत पाळलेली असूनही न पाळल्यासारखी दिसते. तेथे हाताने टाइप केलेली तारीख आणि त्याच दिवशीची पीडीएफ, एवढेच पुरेसे आहे. रोज दहा-वीस एकसारखी पत्रे काढणाऱ्या पेढीने किंवा पतसंस्थेने मात्र एक दुपार खर्चून क्रिएटडेट असलेले टेम्प्लेट करून घ्यावे. आपोआप बदलणारी तारीख रोजच्या दरफलकासारख्या, आज छापून उद्या टाकून द्यायच्या कागदापुरतीच ठेवावी.

जुन्या फायलींत हा दोष आहे की नाही, हे पाहण्यासाठी ऑल्ट-एफ ९ दाबावे; तारखेच्या जागी महिरपी कंसात ‘डेट’ असा संकेत दिसला, तर ती सरकणारी आहे. त्या संकेताच्या आधी ‘क्रिएट’ हा शब्द इंग्रजीत जोडून एफ ९ दाबल्यास निर्मितीची तारीख येते, पण फाइल जुन्याच पत्राची नक्कल असेल तर तीही विश्वासाची नाही. आमच्या पेढीत शेवटी वरच्या फळीवर वाचलेली जावक नोंदवही उपयोगी पडली: एकाने क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने तारीख सांगायची आणि मी फील्ड पुसून ती टाइप करायची, असे सव्वातीनशे पत्रांचे काम तीन दिवस चालले.