बारा फुटी पट्टेदार मफलर: अ‍ॅक्रिलिक घ्यावं की अस्सल लोकर?

१९७४ साली बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेसाठी वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचसन यांनी विणकाम करणाऱ्या बेगोनिया पोप यांच्याकडे रंगीबेरंगी लोकर दिली. पोपबाईंनी ती सगळीच विणून टाकली आणि डॉक्टरचं काम करणाऱ्या टॉम बेकरच्या गळ्यात तो लांबच लांब मफलर आला. तसा मफलर बेळगावात बसून विणायचा असेल, तर लोकर घ्यायच्या आधी थोडं थांबा. ६० टाके, ४ मिमीच्या सुया, सगळ्या ओळी सुलट, लांबी १२ फूट, असा हिशेब धरला तर ८० हजारांवर टाके होतात. एवढे हात चालवल्यावर धागा चुकीचा निघाला तर जीव हळहळतो.

बाजारात नुसती 'लोकर' मागितली की बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच हातात पडतं. त्यात वाईट काही नाही. पट्ट्यांना लागणारे सगळे रंग परवडतात, धुवायला सोपं आणि वाळतंही लवकर. पण सुलट विणीचा एवढा लांब मफलर स्वतःच्या वजनानेच ओढला जातो, आणि एकदा सैल पडलेलं अ‍ॅक्रिलिक पहिल्यासारखं होत नाही. म्हणून तो खुंटीला टांगू नका, घडी घालून ठेवा. गरम इस्त्री लागली की वीण चपटी होऊन जाते. शेकोटीजवळ तर फारच जपा, कारण अ‍ॅक्रिलिक वितळून अंगाला चिकटतं.

अस्सल लोकर पटकन पेट घेत नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा शोषूनही ती ओली वाटत नाही, त्यामुळे पहाटेच्या धुक्यात गळा उबदार राहतो. शिवाय ती खांद्यावरून जशी सुंदर पडते, तसं अ‍ॅक्रिलिक सहसा पडत नाही. मात्र गरम पाण्यात घालून चोळली की आटून घोंगडीसारखी घट्ट होते. कसर लागते ती वेगळीच.

इथे तुमचं गाव कोणतं हे बघावं लागतं. निपाणी-चिकोडीकडच्या कोरड्या हवेत लोकर सांभाळता येते. खानापूरकडे पावसाळ्यात ट्रंकेतल्या कपड्यांनाही ओल धरते. तिथे दर उघडिपीला ऊन दाखवणार असाल तरच लोकर घ्या. धनगरी घोंगडीची जाडीभरडी लोकर मला फार आवडते, पण ती गळ्याला टोचते. सुती धागा सोडूनच द्या, एवढ्या लांबीला त्याचं ओझं होतं.

पहिल्यांदाच विणत असाल किंवा मफलर कॉलेजच्या पोराला द्यायचा असेल, तर माझं मत अ‍ॅक्रिलिकला. हात बसलेला असेल तर लोकर घ्या, आणि मूळ मफलरच्या सात रंगांचा खर्च जड वाटला तर मालिकेतलाच १९८०चा मफलर विणा. गर्द तांबड्या-जांभळ्या तीनच छटा आहेत त्यात, आणि मला तर तोच जास्त देखणा वाटतो. धागा कुठलाही घ्या, एका रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या. प्रत्येक पट्ट्याला धाग्याच्या दोन शेपट्या राहतात, त्या विणता विणताच आत ओवा. शेवटी ओवायला बसलात तर दिवस जातो.

आणि तो घालून दुचाकीवर बसणाऱ्याला आधीच बजावून ठेवा. दोन वेढे घेऊन टोकं जॅकेटच्या आत खोचायची. मागे लोंबतं टोक चाकात गेलं तर गळ्याला फास बसतो.